बालवाडी ते पहिली, व्हाया भाऊसाहेब

आमची मराठी बालवाडी सशांच्या क्लबात भरायची. हे सांगितलं की लोक हसतात आणि मग विचारतात, म्हणजे क्लबाचं नाव तसं होतं का? नाही हो, खरेखुरे ससे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कडेला, जिथे लोकांचे भाजीचे वाफे संपतात आणि शेतं सुरू होतात, तिथे ससे पाळणाऱ्यांच्या मंडळाचं एक लाकडी घर होतं. आत लांब टेबलं, बाकं, बिअरचा काउंटर, फळीवर जिंकलेले कप आणि कपांच्या वर ते ज्यांनी जिंकले त्या सशांचे फ्रेम केलेले फोटो. आई आधी गावातल्या बाकी सगळ्या जागा विचारून आली होती. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी म्हाताऱ्यांचा नाच असायचा, लायब्ररीत बोलायचं नाही असा नियम होता, आणि आमच्या घरी मुलं जमली की खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. सशांनी मात्र काही हरकत घेतली नाही.

आई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. तिचं काम दाराच्या आवाजाचं. महागड्या गाडीचं दार बंद केलं की भारदस्त धप् असा आवाज यायला हवा, टिनाच्या डब्यासारखा नको, आणि हे बघण्यासाठी कारखाना तिला पगार देत असे. त्यामुळे आमच्या घरात कुठलंही दार सुखाने लागायचं नाही. फ्रीजचं लागलं की ती मान तिरकी करून ऐकायची. बाबा त्सुफेनहाउझेनला स्पोर्ट्स गाड्यांच्या कारखान्यात होते आणि त्यांचं म्हणणं असं की गाडीचं खरं इंजिन असतं, दार काय कपाटालाही असतं. यावरून जेवताना रोज वाद. आई पुण्याची, बाबा नागपूरचे. आई म्हणायची "काय करतोयस?", बाबा म्हणायचे "काय करून राहिली?" आणि मी दोघांनाही जर्मनमध्ये उत्तर द्यायचे.

रविवारी बाबा स्वयंपाक करायचे. सांबारवडी हा त्यांचा हातखंडा. नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ते आईला लग्नानंतर कितीतरी दिवस पचलं नव्हतं. तुर्की दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या यायच्या, पानं वडीत जायची आणि काड्या सशांसाठी पिशवीत. कुकरचा मात्र प्रश्न असायचा. जर्मनीत रविवारी शांतता पाळायची असते, आणि आमच्या कुकरची शिट्टी तीन मजले ऐकू जायची. म्हणून शिट्टी व्हायला आली की आई चिमट्याने ती अलगद उचलून धरायची, वाफ हळूहळू सोडायची आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. माझ्या लहानपणच्या वरणभाताला त्या धाकाची चव आहे, असं मला आजही वाटतं.

जेवणं झाली की नागपूरचा फोन. आजोबा इंदोऱ्यात राहायचे, पोस्टातून रिटायर झालेले, आणि अख्ख्या वस्तीत त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुणी पुढे गेलं असेल असं मला वाटत नाही. भाजीवाली थांबायची, विहारात निघालेले लोक थांबायचे. स्क्रीनवर आधी त्यांचं कपाळ दिसायचं, मग चष्मा, मग आवाज यायचा, "जय भीम, मित्रा. काय करून राहिली गं?" माझं पूर्ण नाव संघमित्रा, ते त्यांनीच ठेवलेलं. मी "जय भीम" एवढं म्हणायचे आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. बाबा मध्ये बसून भाषांतर करायचे. एकदा फोन ठेवायच्या आधी आजोबा बाबांना म्हणाले, "पोरगी चांगली आहे रे. पण ते माझ्याशी नाही बोलत, तुझ्याशी बोलते, अन् तू मले सांगते." आई मागे भांडी पुसत उभी होती. तिने ते ऐकलं, पदर-बिदर काही नव्हता, जीन्सलाच हात पुसले आणि बालवाडी काढली.

मला मराठी येत नव्हतं असं नाही. सगळं कळायचं. पण आमचा, म्हणजे तिथल्या सगळ्याच मराठी पोरांचा, एक कायदा होता. तो आम्हाला कुणी शिकवला नव्हता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याचा जसा चेहरा, त्याच्याशी तशी भाषा. ज्या चेहऱ्याला जर्मन कळतं त्याच्याशी जर्मनच बोलायचं. आईबाबांना जर्मन कळायचं, विषय संपला. आजोबांना कळत नव्हतं, पण त्यांचा चेहरा कायम बाबांच्या शेजारी, फोनमध्ये. फोन जर्मन, बाबांना जर्मन येतं, मग आजोबाही त्याच खात्यात गेले. आता मोठेपणी मला हे भयंकर वाटतं, पण सहा वर्षांच्या पोरीला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

आईने बालवाडी काढली ती कारखान्यात नवी गाडी काढतात तशी. आधी रंग, मग फळं, मग प्राणी, मग आदरार्थी बहुवचन. प्रत्येक टप्प्याला तारीख. फळांपर्यंत सगळं वेळेत झालं आणि आदरार्थी बहुवचनात प्रकल्प अडकला तो अडकलाच. आम्ही मुळी कुणाला अहो-जाहो करायलाच तयार नव्हतो. "मोठ्या माणसांना काय म्हणायचं?" असं आईने विचारलं की तन्मय, जो खोडरबर खायचा, तो म्हणायचा, "हालो."

आता हेफले आजोबांविषयी सांगायला हवं. हेर हेफले हे ससा मंडळाचे अध्यक्ष. उंच, वाळके, स्वाबियन म्हणजे अस्सल त्याच भागातले, तोंडातल्या तोंडात बोलणारे. मंडळाचा नियम असा की घर बाहेरच्या लोकांना दिलं तर किल्ली घेऊन एक सभासद पूर्ण वेळ हजर हवा. शनिवारी सकाळी यायला दुसरा कुणी तयार नव्हता, म्हणून अध्यक्ष स्वतः येऊन कोपऱ्यात बसायचे. पहिले काही शनिवार त्यांनी सशांचं मासिक वाचलं. मग मासिक खाली आलं. मग एके दिवशी आईने विचारलं, "हे कुठलं फळ?" आणि आम्ही सगळे गप्प बसलो, तेव्हा कोपऱ्यातून खर्जात आवाज आला, "पेरू." तिथून पुढे ते थांबले नाहीत. आई म्हणाली हाताची घडी की ते घडी घालायचे. म्हणाली तोंडावर बोट, की त्यांचं लांबलचक बोट मिशीवर. बाबा मला न्यायला यायचे तेव्हा दोघं बटर लावलेल्या ब्रेझेलला, म्हणजे तिथल्या वेढ्यावेढ्यांच्या खारट पावाला, ठेचा लावून खायचे आणि बाबांकडून ते नागपुरी उचलायचे. डोळ्यांतून पाणी येत असताना म्हणायचे, "तिखट लागून राहिलं." बालवाडी आणि नागपूर सोडून त्यांना तिसरं मराठी येत नव्हतं. बेकरीत भेटले तरी आईला म्हणायचे, "चला बाळांनो, रांग करा."

त्यांचा एक ससा होता. जर्मनीत राक्षसी सशांची एक जात असते, त्यातला. कुत्र्याएवढा, करडा, लांब कानांचा, आणि असा गंभीर की त्याच्यासमोर उगाच हसू नये. ससे पाळणारे लोक सशांना नावं ठेवत नाहीत, कानात नंबर गोंदवतात. बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे भाऊसाहेब आहेत." त्यानंतर तो भाऊसाहेबच. मधल्या सुट्टीत आम्ही कोथिंबिरीच्या काड्या घेऊन त्यांच्या पिंजऱ्याशी जायचो. मोठी माणसं आत चहा प्यायची. पिंजऱ्याशी काय चालायचं ते त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं, आम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही सहा वर्षांचे झालो आणि बालवाडी संपली. म्हणजे पुढे काहीच नव्हतं. सप्टेंबरपासून सगळे जर्मन पहिलीत जाणार आणि पेरू-सीताफळ तिथेच राहणार. आईला मराठी पहिली हवी होती, खरी, फळा असलेली, शाळेच्या इमारतीत भरणारी. तिथल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका त्सेलर बाई. त्या म्हणाल्या, दुपारी एक खोली देता येईल, अट एकच, कोंटिनुइटेट. म्हणजे सातत्य. बालवाडीतून निदान सहा जण पुढे यायला हवेत आणि त्यांना पहिलीत बसण्याइतकी भाषा येतेय हे त्या स्वतः येऊन बघणार. हा शब्द आमच्या घरात इतका घुमला की बाबा वडी तळतानाही म्हणायला लागले, "तेलाची कोंटिनुइटेट पाहून राहिलो."

आम्ही बरोबर सहा होतो. आणि भेटीच्या आदल्या आठवड्यात आमच्यातल्या तेजूच्या बाबांना दूर आखनच्या विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळाली. तेजूची आई पेढे घेऊन आली. आईने पेढा तोंडात ठेवला, अभिनंदन म्हणाली, आणि आत जाऊन फ्रीजचं दार इतक्या जोरात लावलं की त्यातून कुठल्याच दर्जाचा आवाज आला नाही.

"पाच," ती बाबांना म्हणाली. "पाचच राहिले. आणि हे पाचही तोंड उघडत नाहीत."

"कायले टेन्शन घेऊन राहिली? उघडतील वेळेवर."

"अरे, वर्ष झालं प्रशांत. मामाजींशी एक वाक्य नाही बोलली ती. एक. पहिली सुरू झाली नाही तर मग कधीच नाही बोलणार." सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, नागपूरच्या पद्धतीने. एवढं बोलून ती रडली. आईला रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी दारातून जर्मनमध्ये विचारलं की काय झालं, आणि ती आणखीनच रडली.

शनिवारी त्सेलर बाई आल्या. ठेंगण्या, हसतमुख, खांद्याला मोठी कापडी पिशवी. आईने साडी नेसली होती, बाबांनी टाय लावला होता. हेफले आजोबांनीही टाय लावला होता, हिरवा, त्यावर छोटे छोटे ससे. आम्ही पाच जण बाकावर, केस विंचरलेले. आईने लाल चेंडू उचलला.

"मुलांनो, हा कुठला रंग?"

आम्ही बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा तर संपूर्णच जर्मन. कायदा स्पष्ट होता.

"रोट," तन्मय म्हणाला.

"मराठीत सांग, तन्मय."

तन्मयने बाईंकडे बघून, अदबीने, पुन्हा "रोट" म्हटलं. आईने केळं उचललं. आम्ही पाचही जण एका सुरात म्हणालो, "बनाने." आईने आंबा उचलला. मला उत्तर येत होतं, ते अगदी जिभेवर होतं, पण परक्या बाईंसमोर, त्यांना कळणार नाही अशा भाषेत बोलायचं म्हणजे किती वाईट दिसेल. कोपऱ्यात हेफले आजोबा घामाघूम झाले होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आंबा," ते पुटपुटले. मग आमच्याकडे डोळे वटारून, "हाताची घडी. तोंडावर बोट. नाही, बोट नको. बोला, बाळांनो, बोला."

"हे कोण?" त्सेलर बाईंनी आईला जर्मनमध्ये विचारलं.

"हे किल्लीवाले," आई म्हणाली.

"यांना छान येतं."

"हो," आई म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की आता पहिली गेली.

तेव्हा हेफले आजोबांनी त्यांच्या मते शेवटचा उपाय केला. ते बाहेर गेले आणि भाऊसाहेबांना उचलून आत घेऊन आले. सकाळीच ब्रश करून ठेवले होते म्हणे, पाहुण्यांसाठी. टेबलावर ठेवले. ससा मंडळाच्या अध्यक्षाला दुसऱ्याची लाज राखायची म्हणजे एवढंच सुचणार. भाऊसाहेब क्षणभर बसले, त्सेलर बाईंकडे बघितलं, आणि इतकी वर्षं ज्यांनी पिंजऱ्यात एक पाऊल घाईने टाकलं नव्हतं त्यांनी टेबलावरून उडी मारली ती थेट बाईंच्या पिशवीवर. पिशवीत सफरचंद होतं. पिशवी आडवी झाली, बाई बाकावर चढल्या, सफरचंद घरंगळलं, भाऊसाहेब बाकांच्या खाली, आणि आम्ही पाचही जण त्यांच्या मागे.

"भाऊसाहेब, इकडे या," तन्मय पोटावर सरपटत म्हणाला. "अहो, तिकडे जाऊ नका. लागेल तुम्हाला."

"त्यांना घाबरवू नकोस ना," मी म्हणाले. "भाऊसाहेब, बसा. तुम्हाला काडी देते. आधी सफरचंद सोडा, ते आपलं नाही."

"ते ऐकत नाहीयेत."

"मग तू हळू बोल. त्यांना मोठा आवाज आवडत नाही."

टेबलाखालून मला फक्त पाय दिसत होते. आईच्या चपला, बाबांचे बूट, आणि मग आईच्या साडीच्या निऱ्या खाली आल्या आणि आईचा चेहरा दिसला. ती गुडघ्यांवर बसून बघत होती. भाऊसाहेब हा एकच जीव आमच्या ओळखीत असा होता ज्याला जर्मन कळत असल्याचा काही पुरावा नव्हता. तो बालवाडीतला, म्हणजे मराठी. दर शनिवारी त्या काड्यांच्या वेळी आम्ही त्याच्याशी सगळं बोलायचो, घरची भांडणंसुद्धा, आणि अर्थातच अहो-जाहो करून. भाऊसाहेबांना अरे-तुरे करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आदरार्थी बहुवचन," आई टेबलाखालून बाबांना म्हणाली. "प्रशांत, यांना आदरार्थी बहुवचन येतंय."

त्सेलर बाई बाकावरून उतरल्या. त्यांना शब्द कळले नव्हते, पण पोरं बोलतायत हे दिसत होतं. भाऊसाहेब सापडल्यावर बाईंनी चष्मा पुसला. "आल्झो," म्हणजे तर मग, त्या म्हणाल्या, "भाषा आहे. मला वाटतं ती सशाशी बोलण्याची आहे, पण आहे. सातत्य ठेवायचं तर ससाही शाळेत यायला लागेल." आम्हाला तो विनोद वाटला नाही आणि मला वाटतं त्यांनीही तो विनोद म्हणून केला नव्हता. त्यांच्या शाळेत गणिताच्या तासाला कुत्रा येऊन बसायचा, मुलं शांत राहावीत म्हणून. "पण सहा जण हवेत. मला पाच दिसतायत."

आईने निऱ्या झटकल्या. मग कोपऱ्यात एक हात वर झाला. हेफले आजोबांचा. बाक त्यांना फार ठेंगणं होतं, त्यामुळे गुडघे हनुवटीशी आले होते, टायवर सशाचे केस.

"बाई," ते आईला म्हणाले, आम्ही बाहेर जायला विचारतो तसं, "मी येऊ का पहिलीत?"

त्सेलर बाईंनी अर्थ विचारला. बाबांनी सांगितला. बाईंनी विचार केला, वयाची अट कुठे लिहिलेली नाही असं म्हणाल्या, आणि शिवाय सशाचा मालक हजर असणं बरंच. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, हेफले आजोबा म्हणाले, आणि खाली बसताना त्यांनी स्वतःच हाताची घडी घातली. आईने त्यांच्या पाया पडावं की काय असा क्षणभर विचार केला असावा, कारण ती वाकली आणि मग नुसतं सफरचंद उचलून तिने बाईंना दिलं.

पहिलीचा पहिला दिवस जर्मनीत थाटात होतो. मुलाला त्याच्याएवढी कागदी शंकूची पिशवी देतात, खाऊने भरलेली. आमच्या मराठी पहिलीसाठी आईने सहा शंकू केले, आत चिवडा, तिळाच्या वड्या आणि पेन्सिली. भाऊसाहेबांसाठी वेगळा छोटा, कोथिंबिरीचा. शाळेच्या पायऱ्यांवर आम्ही रांगेत उभे राहिलो, मी पहिली, हेफले आजोबा शेवटी, उंचीप्रमाणे, हातात शंकू. बाबांनी फोन लावला. कपाळ, चष्मा, आजोबा.

बाबांनी फोन रांगेवरून फिरवायला सुरुवात केली आणि नेमकी शेवटच्या बाजूने केली. हेफले आजोबांनी फोन हातातच घेतला.

"जय भीम," ते म्हणाले.

"जय भीम," नागपूरहून आवाज आला, जरा दचकून. "तुम्ही कोण? काय करून राहिले?"

"पहिलीत बसून राहिलो."

आजोबा असे हसले की फोन हलला आणि आम्हाला थोडा वेळ इंदोऱ्यातलं छत दिसलं. मग जे दोघं सुरू झाले. एकाने पाऊस पडून राहिला का विचारलं, दुसऱ्याने तिखट लागून राहिलं सांगितलं. कुणाला काय कळत होतं देव जाणे, पण आजोबांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. इतके दिवस ते माझ्यासाठी फोन धरून बसायचे तेव्हाही नाही. शंकू जड झाला.

"आजोबा," हेफले आजोबा फोनमध्ये म्हणाले, "भाऊसाहेब दाखवू?"

आजोबा. माझ्या आजोबांना.

मी रांग सोडली. शंकू खाली पडला, चिवडा पायऱ्यांवर सांडला, आईने "मित्रा, अगं" म्हटलं ते ऐकू आलं आणि मी फोन ओढून घेतला.

"द्या इकडे," मी म्हणाले. "हे माझे आजोबा आहेत."

बाबांनी भाषांतर करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. स्क्रीनवर आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या वस्तीत भाजीवालीची हाक आली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"आवाज नाही आला, बाळा," ते म्हणाले. "कोणाचे आजोबा?"

आवाज नीट गेला होता. फोनवर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंनाही गेला होता, त्या डोळे पुसत होत्या.

"माझे," मी म्हणाले.

"नाही आला. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.